स्मरणासाठी बांधलेले घर

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २४ एप्रिल, हा आर्मेनियन लोकांचा स्मरणदिन, जवळ आला की आपल्याकडच्या वृत्तपत्रांत आर्मेनियाविषयी एखादी छोटी बातमी येते आणि ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात जे घडले त्याला वंशसंहार म्हणायचे की नाही, ते कोणत्या देशाने म्हटले आणि तुर्कस्तानने त्यावर काय निषेध नोंदवला. हा प्रश्न लहान नाही. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या दिवशीच्या निवेदनात तो शब्द वापरला, त्याची वाट जगभरच्या आर्मेनियन लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. परंतु याच स्मरणाच्या निमित्ताने त्यांच्यातले काही स्वयंसेवक आणखी एक काम करतात, गरजू कुटुंबांसाठी घरे बांधण्याचे. त्याविषयी मराठीत काही छापून आलेले माझ्या वाचनात नाही, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसलगतच्या ग्लेंडेल भागात राहतो. तिथे आर्मेनियन वस्ती मोठी आहे. एका वर्षी शेजाऱ्यांबरोबर तो अशा एका बांधकामावर शनिवारी श्रमदानाला गेला. ज्या कुटुंबाचे घर उभे राहत होते ते आर्मेनियन नव्हते, आणि त्याबद्दल तिथे कोणाला काही विशेष वाटतही नव्हते. तिकडची घरे लाकडी सांगाड्याची असतात. आधी उभे वासे ठोकायचे आणि मग त्यांवर आतून पांढरे तक्ते बसवायचे. तक्ते बसवण्यापूर्वी एका वृद्ध गृहस्थांनी सुताराची पेन्सिल मागून घेतली आणि एका वाशावर, खांद्याच्या उंचीवर, आपल्या आजोबांच्या गावाचे नाव आर्मेनियन लिपीत सावकाश लिहिले. मुलाने विचारले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की गाव आजच्या तुर्कस्तानातल्या खारपेर्तजवळ होते आणि घराला तुतीचे झाड होते. तासाभराने त्या वाशावर तक्ता बसला. त्या घरात आज राहणाऱ्या माणसांना ते नाव कधीच दिसणार नाही. मुलाने फोनवर हे सांगितल्यापासून ती पेन्सिल माझ्या मनातून गेलेली नाही.

स्मरणासाठी घरच का, याचे उत्तर त्या इतिहासात आहे. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, आर्मेनियन लेखक, वकील, वैद्य, लोकप्रतिनिधी यांची धरपकड झाली. पुढच्या महिन्यांत अनातोलियातील गावोगावच्या आर्मेनियन कुटुंबांना हद्दपारीचे हुकूम मिळाले. कोठे काही दिवसांची मुदत होती, कोठे काही तासांची. पुरुषांना बहुधा आधीच वेगळे काढून मारले गेले, आणि बायका, मुले व वृद्ध यांना सीरियाच्या वाळवंटाकडे, देर एझ-झोरच्या दिशेने पायी हाकलण्यात आले. बळींची संख्या पंधरा लाखांपर्यंत सांगितली जाते. मागे राहिलेल्या घरादारांसाठी त्या सरकारने 'सोडून दिलेली मालमत्ता' या नावाखाली कायदेही केले. ज्यांना बंदुकीच्या धाकावर उंबऱ्याबाहेर काढले, त्यांनीच घर सोडून दिले असे कागदोपत्री लिहिले गेले. मला त्या सगळ्या कागदपत्रांतले हे शब्द सर्वांत क्रूर वाटतात.

जे वाचले त्यांनी जिथे आसरा मिळाला तिथे पहिली गोष्ट केली ती ही की नव्या वस्तीला जुन्या गावाचे नाव दिले. बैरूतलगतच्या बुर्ज हम्मूदमध्ये नोर मराश आहे, नोर अदाना आहे. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, नोर मालातिया, नोर अराबकीर, नोर झेयतून आहेत. 'नोर' म्हणजे नवे. आम्हा लातूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडेही जुनी किल्लारी आहे आणि नवी किल्लारी आहे.

खुद्द आर्मेनियातली गोष्ट याहून कठीण आहे. तिथले ग्युमरी हे शहर पूर्वी अलेक्झांड्रोपोल या नावाने ओळखले जाई, आणि १९२०च्या दशकात अमेरिकेच्या 'निअर ईस्ट रिलीफ' या मदतसंस्थेने तिथल्या जुन्या लष्करी बराकींत हजारो अनाथ मुले सांभाळली, त्यांतली कितीतरी याच संहारातून वाचलेली. त्याच शहरावर ७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांनी भूकंप कोसळला. स्पिताक गाव जमीनदोस्त झाले, सुमारे २५ हजार माणसे गेली आणि पाच लाखांच्या आसपास लोक बेघर झाले. तात्पुरती सोय म्हणून पत्र्याच्या डब्यांत, मालवाहू कंटेनरांत कुटुंबे ठेवली गेली. त्यांना तिथे 'दोमिक', म्हणजे छोटे घर, म्हणतात. तीन वर्षांत सोव्हिएत संघ कोसळला, पैसा आटला आणि ती तात्पुरती सोय कायमची झाली. तीस वर्षांनंतरही काही कुटुंबे त्याच डब्यांत हिवाळे काढत होती. ग्युमरीत थंडीचा पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो, तेव्हा पत्र्याच्या भिंतीला आतून बर्फ धरतो.

अशा ठिकाणी परदेशस्थ आर्मेनियन तरुण सुट्टी काढून, स्वखर्चाने, आठ-दहा दिवसांसाठी पाट्या उचलायला जातात. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ साली अमेरिकेत 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था सुरू केली आणि २००५ साली 'फुलर सेंटर फॉर हाउसिंग'. या दोन्ही संस्थांचे काम आर्मेनियात झालेले आहे. माझ्या व्यवसायामुळे मला त्यातली पद्धत विशेष महत्त्वाची वाटते. देशात अर्धवट घरे पुष्कळ आहेत : एखाद्याने चांगल्या दिवसांत जोते आणि भिंती उभ्या केल्या, मग रोजगार गेला आणि छत तसेच राहिले. फुलर सेंटर असे घर हाती घेऊन पूर्ण करते. पैसे बिनव्याजी दिले जातात, कुटुंब ते लहान हप्त्यांनी फेडते, फेडीची रक्कम पुढच्या कुटुंबाच्या घराला लागते, आणि घरातली माणसे स्वयंसेवकांबरोबर स्वतः राबतात. भीक घातल्याची भावना त्यात राहत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून एक लाखाहून अधिक लोक घरे सोडून आर्मेनियात आले, तेव्हापासून या कामाची गरज अजूनच वाढली आहे.

मी हे इतक्या आस्थेने लिहितो, कारण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात काय झाले ते मी पाहिले आहे. गोल दगड मातीत रचून केलेल्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर जड माळवद, यांखाली झोपेतच माणसे गेली. दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार. पुढे पुनर्वसनाच्या कामावर मी कनिष्ठ अभियंता म्हणून होतो. तेव्हा राज्यभरातून आणि बाहेरून अनोळखी माणसे येऊन विटा वाहत होती, आणि त्यांतल्या कोणी ना जात विचारली ना गाव.

आता दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभावर पुष्पचक्र वाहिले जाते, मानवंदना होते, भाषणे होतात आणि दुपारपर्यंत सगळे पांगतात. ते बंद करावे असे मी म्हणत नाही. पण आमच्या तालुक्यात आजही अशी घरकुले आहेत ज्यांचे काम लिंटेलला, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या पट्टीला, येऊन थांबले आहे, कारण पुढचा हप्ता वेळेत आला नाही किंवा घरातला कमावता माणूस गेला. भूकंपात वाचलेल्यांनी आणि त्यांच्या मुलांनी दर वर्षी त्या आठवड्यात असे एक, फक्त एक, घर निवडावे आणि त्याचा स्लॅब टाकून द्यावा. खडी, सिमेंट, सळई यांची वर्गणी एका गावात जमू शकते, आणि स्लॅबच्या दिवशी घमेली पुढे द्यायला माणसे कमी पडत नाहीत, हा आमच्याकडचा अनुभव आहे. आपल्या दैनिकाने हे आवाहन छापावे अशी विनंती आहे. सेंटरिंग तपासण्याचे आणि सळई बांधून घेण्याचे काम मी विनामोबदला करीन; वय एकाहत्तर आहे, पण शिडी चढता येते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता
औसा, जि. लातूर