मोजणी न करता दिलेला १.८ ओहमचा दाखला : तक्रार आणि दुरुस्तीची मागणी

प्रति,
मा. सेवा व्यवस्थापक,
वीज अटकाव यंत्रणा विभाग,
पुणे कार्यालय

दिनांक : ३ जून २०२५

विषय : ता. औसा, जि. लातूर येथील आमच्या माध्यमिक शाळेवर आपण बसवलेली वीज अटकाव यंत्रणा सदोष असणे आणि तिचा अर्थिंग चाचणी अहवाल खोटा असणे याबाबत.

महोदय,

१९ मे रोजी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, वळवाच्या पावसात, आमच्या शाळेवर वीज पडली. आपण बसवलेला अरेस्टर (वीज झेलणारी दांडी) इमारतीच्या पूर्वेला जिन्याच्या खोलीवर उभा आहे. वीज पडली पश्चिमेच्या कोपऱ्यावर, अरेस्टरपासून ३८ मीटरवर. कठड्याचा हातभर तुकडा फुटून मुलं जिथे सायकली लावतात तिथे येऊन पडला. संगणक कक्षातले ११ संगणक, प्रोजेक्टर आणि बोअरच्या मोटारीचा स्टार्टर जळाला. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मुलं नव्हती. शिपाईमामा व्हरांड्यात होते. त्यांना दोन दिवस एका कानाने नीट ऐकू येत नव्हते. १६ जूनला शाळा भरते आहे आणि वर्गांत ३४० मुलं-मुली बसणार आहेत. त्याआधी हे काम नीट व्हावे म्हणून हे पत्र लिहितो आहे.

ही यंत्रणा आम्ही हौसेने बसवलेली नाही. दोन वर्षांपूर्वी शिवारात चिंचेखाली बांधलेली एक बैलजोडी विजेने गेली, तेव्हापासून गावाने धास्ती घेतली. आपल्याला दिलेल्या २,८६,००० रुपयांत माजी विद्यार्थ्यांचे पैसे आहेत, तसेच बचत गटाच्या बायकांनी दिलेले ११,००० रुपयेही आहेत. मी शाळा इमारत समितीचा सचिव. पैसे मी मोजून दिले आहेत, त्यामुळे लोक मलाच विचारतात आणि त्यांनी विचारलेच पाहिजे.

आता मूळ तक्रार. आपल्या अहवालात तीनही अर्थिंग खड्ड्यांचा, म्हणजे वीज जमिनीत सोडणाऱ्या खड्ड्यांचा, रोध १.८ ओहम असा लिहिला आहे. तिन्हींचा अगदी एकच आकडा. आमच्याकडे वर काळी माती, कंबरेइतके खणले की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अशा जमिनीत शेजारशेजारचे दोन खड्डेसुद्धा सारखे आकडे देत नाहीत. चाचणीची तारीख २६ जानेवारी २०२५ लिहिली आहे. त्या दिवशी सकाळी ध्वजवंदनाला अर्धे गाव शाळेच्या मैदानावर होते. मीही होतो आणि दुपारी खुर्च्या आत जाईपर्यंत थांबलो होतो. आपला कोणीही माणूस आला नाही. डिसेंबरमध्ये काम करायला जी तीन मुले आली होती, त्यांच्याजवळ अर्थ टेस्टरची (हा रोध मोजायच्या यंत्राची) पेटी होती, पण मोजणीला लागणारी तारेची रिळे आणि जमिनीत ठोकायचे स्पाइक त्यांनी बाहेरच काढले नाहीत, असे शिपाईमामा सांगतात.

मी ३१ वर्षे लाइनमन म्हणून नोकरी केली. पलीकडून कोणी ‘लाइन बंद आहे’ असे तोंडी सांगितले म्हणून आम्ही कधी तारेला हात लावला नाही. आधी तारेतली उरलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावायचा, तार अर्थ करायची आणि मगच खांबावर काम सुरू करायचे. ज्यांनी हे केले नाही त्यातले दोघे माझ्या डोळ्यांसमोर गेले. न मोजता लिहिलेला आकडा माझ्यासाठी तसाच आहे. त्यावर भरवसा ठेवून कोणीतरी उभे राहणार असते.

२४ मे रोजी आम्ही परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून स्वतंत्र मोजणी करून घेतली. अरेस्टरपासून जमिनीपर्यंत वीज नेणाऱ्या उतरत्या पट्टीवर आपण टेस्ट लिंक (मोजणीसाठी पट्टी सोडवता येईल असा जोड) दिलेलीच नाही, त्यामुळे बोल्ट खोलून खड्डे वेगळे करावे लागले. करंटचा स्पाइक ४० मीटरवर आणि व्होल्टेजचा २५ मीटरवर ठोकला. मग मधला स्पाइक अडीच मीटर अलीकडे-पलीकडे सरकवून आकडा हलत नाही याची खात्री केली. पहिल्या खड्ड्याला २३.६ ओहम आले, दुसऱ्याला ३१.२. दोन्ही जोडून १३.६. तिसरा खड्डा पट्टीला जोडलेलाच नाही. वीज उतरवणाऱ्या अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत असावा लागतो. शिवाय ही मोजणी पावसाने भिजलेल्या जमिनीत झाली. अर्थिंग मोजायचे ते कोरड्या दिवसांत, कारण तेव्हा माती भेगाळलेली असते आणि रोध सर्वांत जास्त असतो. एप्रिलमध्ये मोजले असते तर आकडे याहून वाईट आले असते.

कारण खणल्यावर कळले. कोटेशनमध्ये तीन-तीन मीटरचे तांब्याचा थर दिलेले रॉड आहेत. आम्ही पहिला उकरला तो १.२ मीटरचा निघाला. खाली पाषाण लागल्यावर हॅक्सॉने कापलेला. कापलेल्या टोकाला आतले लोखंड उघडे पडून गंजले आहे. पाषाण लागला होता तर आम्हाला सांगायचे होते. ड्रिल मारता आले असते, किंवा इमारतीभोवती चर खणून पट्टी आडवी पुरता आली असती. त्याचे जास्तीचे पैसे गावाने दिले असते. उतरती पट्टी कोटेशनमध्ये जस्तलेपित लोखंडाची आहे, बसवली अॅल्युमिनियमची आणि तीच सरळ मातीत पुरली. अॅल्युमिनियम मातीत पुरायचे नसते. सहा महिन्यांतच तिला पांढरी भुकटी धरली आहे.

कोटेशनच्या पहिल्याच ओळीत ‘आयएस/आयईसी ६२३०५ नुसार, तिसरी श्रेणी’ असे छापले आहे, म्हणजे वीज संरक्षणाच्या मानकातली तिसरी श्रेणी. इमारत ४२ बाय १४ मीटरची, म्हणजे घेर ११२ मीटर. तिसऱ्या श्रेणीत साधारण दर १५ मीटरला एक उतरती पट्टी धरली तर आठ लागतात. कोणत्याही परिस्थितीत दोनपेक्षा कमी चालत नाहीत. आपण एकच दिली. छतावर १५ बाय १५ मीटरची पट्ट्यांची जाळी अपेक्षित असताना एक ईएसई अरेस्टर (वीज लवकर ओढून घेतो असा दावा असलेला) बसवून १०७ मीटर त्रिज्येचे संरक्षण मिळेल असे सांगितले. आपण नाव घेतलेल्या मानकात दांडीची प्रत्यक्ष उंचीच हिशेबात धरतात. तिसऱ्या श्रेणीसाठी ४५ मीटर त्रिज्येचा कल्पनेतला गोळा छतावरून फिरवून पाहतात आणि तो जिथे टेकतो ती जागा उघडी धरतात; तसे पाहिले, तर पाच मीटरच्या दांडीला छतावर जेमतेम २० मीटर अंतर सांभाळता येते. ३८ मीटरवरचा पश्चिम कोपरा पहिल्या दिवसापासून उघडाच होता, आणि वीज तिथेच पडली.

संगणक जळाले त्याचे कारण वेगळे आहे. मुख्य बोर्डावरचे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (अचानक चढलेला व्होल्टेज अडवणारे यंत्र) आपण ऑफिसमागच्या जुन्या अर्थिंगला जोडले आणि ते जुने अर्थिंग नव्या खड्ड्यांना जोडलेच नाही. विजेचा ३०,००० अँपिअरचा प्रवाह १३.६ ओहममधून उतरला, तर ढोबळ हिशेबाने नव्या अर्थिंगवर चार लाख व्होल्ट चढतात. शेजारचे जुने अर्थिंग मात्र जवळपास शून्यावर राहते. हा फरक मग इमारतीच्या वायरिंगमधून आणि यंत्रांमधून वाट काढतो. म्हणून सगळी अर्थिंगे एकत्र बांधायची असतात, हे आपल्या इंजिनिअरला मी सांगायची गरज नसावी. त्या डिव्हाइसची वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची असते. इथे तीन मीटर वायरचे वेटोळे करून बोर्डामागे कोंबले आहे.

एक गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. आपली एकुलती एक उतरती पट्टी मुख्य दाराशेजारी, नळकोंडाळ्याला अगदी लागून उतरते. वीज उतरते तेव्हा पट्टीजवळच्या जमिनीवर पावला-पावलाला विजेचा वेगवेगळा दाब (व्होल्टेज) असतो आणि दोन पायांमधल्या फरकाने माणूस कोसळतो. मधल्या सुट्टीत तिथे ओल्या फरशीवर, पुष्कळदा अनवाणी, पन्नास मुलं उभी असतात. पट्टी मागच्या भिंतीवरून नेता आली असती. तिथे कोणाची ये-जा नाही. निदान जमिनीवर खडीचा किंवा डांबराचा जाड थर द्यायचा होता आणि पट्टीला इन्सुलेशन करायचे होते.

२७ मे रोजी मी आपल्या सेवा केंद्राला फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “रिपोर्टवर व्हॅल्यू ओके आहे, काका.” मी मोजणीचे आकडे वाचून दाखवल्यावर म्हणाले, “ई-मेल द्या, नवीन रिपोर्ट पाठवून देतो.” आम्हाला नवीन कागद नको, शाळेच्या जमिनीत नीट अर्थिंग हवे.

आपण १३ जूनपर्यंत आपला सक्षम इंजिनिअर पाठवून, कोटेशनमधल्या मानकाप्रमाणे छतावरची जाळी, सर्व उतरत्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर टेस्ट लिंक आणि पूर्ण खोलीचे रॉड नव्याने बसवून द्यावेत. जुने अर्थिंग, बोर्ड आणि सर्ज डिव्हाइस एकत्र बांधून द्यावे. नळकोंडाळ्याजवळची पट्टी सर्वांत आधी हलवावी. २६ जानेवारीचा अहवाल लेखी मागे घ्यावा. जळालेल्या साहित्याचे २,१८,००० रुपये, बिले सोबत जोडली आहेत त्याप्रमाणे, द्यावेत. काम करायचे नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी, म्हणजे आम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ. उत्तर आले नाही तर छायाचित्रे, कापलेला रॉड आणि दोन्ही अहवाल घेऊन आम्ही विद्युत निरीक्षक कार्यालयात आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ.

आपला माणूस येईल तेव्हा त्याने टेस्टरसोबत त्याच्या कॅलिब्रेशनचा (यंत्र बरोबर मोजते याचा) दाखला आणावा. मोजणी माझ्या आणि मुख्याध्यापकांच्या समोर होईल आणि आकडे तिथल्या तिथे लिहून तिघांच्या सह्या होतील. स्पाइक ठोकायला मी स्वतः येईन. गेटची किल्ली शिपाईमामांकडे आहे, सकाळी सातपासून ते शाळेतच असतात.

आपला,
सचिव, शाळा इमारत समिती
ता. औसा, जि. लातूर