भाड्याच्या बुटावर तारीख लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की आपल्या पेपरात हिमालयातल्या मोहिमांच्या बातम्या यायला लागतात, अमुक गावच्या पोरांनी तमुक शिखरावर तिरंगा फडकवला, सोबत फोटो, आणि वाचून खरंच छाती फुगते. १९९८ ला सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ ला पुण्याच्या गिरिप्रेमी क्लबची टीम, २०१९ ला त्यांचेच दहा जण कांचनजुंगावर, आणि आता तर बँकेतली, आयटीतली, कॉलेजातली पोरंपोरी सुट्टी टाकून लडाख-हिमाचलच्या सहा हजारी, म्हणजे सहा हजार मीटरच्या वरच्या, शिखरांवर चाललीयेत. फिटनेसवर सगळे बोलतात, पैसे कसे जमवले यावर बोलतात, पण पायात काय घातलं होतं, ते कुठून आणलं, किती जुनं होतं हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे बहुतेक जण पहिल्या मोठ्या शिखराला गिअर, म्हणजे बूट-दोर वगैरे सामान, भाड्याने घेतात आणि त्यात काही चूक नाही. चांगला डबल बूट (आत वेगळा गरम बूट असलेला) घ्यायचा तर तीस-चाळीस हजार किंवा त्याहून जास्त जातात, एका शिखरासाठी कोण घेणार. पण होतं काय, की मनाली नाहीतर लेहच्या दुकानात जायच्या आदल्या संध्याकाळी, ढिगातून आपला नंबर शोधायचा, उभ्या उभ्या घालून बघायचा, 'चलेगा' म्हणायचं आणि सॅकमध्ये टाकायचा. तो बूट नीट बघायची पहिली वेळ येते ती थेट समिटच्या, म्हणजे शिखरावर चढायच्या, रात्री एक वाजता, तंबूत, हेडटॉर्चच्या उजेडात, उणे दहा-पंधरामध्ये. मला हेच सगळ्यात चुकीचं वाटतं.

बुटाचंच घ्या. बऱ्याच बुटांच्या सोलच्या आत पॉलियुरेथेनचा थर असतो, हलका आणि गरम, म्हणून चांगला. पण हे मटेरियल हवेतला ओलावा खातं आणि हळूहळू आतून कुजतं, वापरलं तरी आणि नुसतं कपाटात ठेवलं तरी, उलट नुसतं पडून राहिलेला बूट जास्त दगा देतो. वरून लेदर चकाचक, शिलाई जशीच्या तशी, आणि आतला थर मेलेला. मुंबई, ठाणे, कोकण इथल्या पावसाळी दमट हवेत माळ्यावर सात-आठ वर्षं पडलेला बूट म्हणजे तर विचारूच नका. मागे लडाखमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचा भाड्याचा बूट मोरेनवर, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर, चालता चालता असाच गेला, आधी टाचेपाशी फट दिसली, तासाभरात पुढपर्यंत उघडला आणि आतला थर बोटात घेतला तर नानकटाईसारखा भुगा झाला. वरच्या कॅम्पच्या खालीच होतो म्हणून डक्ट टेप आणि दोरी गुंडाळून त्याला परत पाठवता आलं. हेच वर बर्फाच्या उतारावर, पायात क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) असताना झालं असतं तर क्रॅम्पॉनसकट सोल खाली आणि पोरगा मोज्यावर. दुकानदाराला परत आल्यावर सांगितलं तर तो म्हणाला, बूट तर नवाच दिसत होता. त्याचंही खरंच होतं, दिसत नवाच होता. जुने प्लॅस्टिकचे बूट अजून फिरतायत ते वेगळंच, ते तर थंडीत कडक होऊन सरळ तडकतात.

दोन हातात बूट धरून सोल मधून जोरात वाकवून बघा, अंगठ्याने बाजूचा थर दाबून बघा, बारीक चिरा दिसल्या किंवा पावडर सुटली तर तो घेऊ नका, मग दुकानदार काहीही म्हणो. पुष्कळ बुटांत जिभेच्या आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना-वर्ष असतं, तेही बघा. आणि साइज, बाबांनो, साइज. ज्या जाड मोज्यांनी वर जाणार तेच घालून, दुपारनंतर पाय थोडे सुजलेले असताना बूट ट्राय करायचा, उतारावर उभं राहिल्यासारखं पुढे झुकायचं, बोटं पुढे टेकली तर मोठा घ्यायचा. गरम राहावं म्हणून घट्ट बुटात दोन-दोन जाड मोजे कोंबतात लोक, त्याने होतं उलटं, पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, ऑक्सिजन कमी, पाणी कमी प्यायलेलं, शरीर रक्त मधल्या भागाकडे ओढून घेतं, म्हणजे हातापायाच्या बोटांवर आधीच गदा आलेली असते, त्यात आपण हाताने अजून भर घालायची नाही.

हे फक्त नवख्यांचं होतं असं नाही. १९५३ ला एव्हरेस्टच्या शेवटच्या कॅम्पवर हिलरींनी रात्री बूट काढून ठेवले, तेनझिंगनी पायातच ठेवले, आणि सकाळी हिलरींचे बूट दगडासारखे गोठलेले. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात दोन तास गेले, तेही समिटच्या दिवशी! १९५० ला अन्नपूर्णावरून उतरताना फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस एरझॉग यांनी सॅक उघडायला हातमोजे काढले आणि ते डोळ्यांदेखत घसरत खाली गेले. त्यांच्या सॅकमध्ये जादा मोजे होते, हातात घालता आले असते, पण त्या उंचीवर डोकं चालेना, आठवलंच नाही, आणि पुढे हाताची बोटं कापावी लागली. म्हणून हातमोज्यांना मनगटात अडकणारी दोरी हवी, आत पातळ लायनर, म्हणजे आतला वेगळा पातळ हातमोजा, हवा म्हणजे बक्कल लावताना उघडा हात बाहेर काढावा लागत नाही, आणि जादाचा जोड सॅकच्या तळाशी ठेवायचा नाही, जॅकेटच्या आत छातीशी ठेवायचा.

मुद्दा असा आहे की वर डोकं चालत नाही, त्यामुळे जे करायचं ते हाताला आधीच पाठ पाहिजे. सह्याद्रीत लिंगाण्याला नाहीतर ड्यूक्स नोजला टीशर्टवर घातलेला हार्नेस (दोर अडकवायचा कंबर-मांड्यांचा पट्टा) आपल्याला झोपेतही लावता येतो, पण तोच हार्नेस थर्मल, फ्लीस, फेदर जॅकेट आणि वर आउटर असं सगळं चढवल्यावर कंबरेला पुरतच नाही, नाहीतर मांडीचे पट्टे पायातून वर ओढावे लागतात म्हणजे क्रॅम्पॉन काढा, परत घाला. मांडीचे पट्टे उघडता येणारा, बाजूला सैल करता येणारा हार्नेस घ्यावा, आणि घरी गच्चीवर सगळे कपडे घालून, जाड हातमोजे घालून, डोळे मिटून तो लावायचा सराव करावा. शेजारचे बघतील, बघू देत. क्रॅम्पॉनचंही तसंच. ऑटोमॅटिक क्रॅम्पॉनला बुटाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे खाच लागते, सेमी-ऑटोमॅटिकला फक्त मागे, आणि बूट मऊ असेल तर यातलं काहीच चालत नाही, पट्ट्यांचेच लागतात. बूट एका दुकानातून आणि क्रॅम्पॉन दुसऱ्या दुकानातून घेतले की हा घोळ हमखास होतो. बूट आणि क्रॅम्पॉन एकत्रच घ्या, तिथेच बसवून मधली पट्टी मापात करा, बूट उचलून जोरात हलवा, क्रॅम्पॉन जरा जरी खुळखुळला तर परत अॅडजस्ट करा. खाली बर्फ चिकटू नये म्हणून जी प्लास्टिकची प्लेट असते ती आहे का बघा, दुपारच्या मऊ बर्फात तिच्याशिवाय पायाखाली गोळे जमतात आणि टोकं जमिनीला लागतच नाहीत.

स्लीपिंग बॅगच्या आकड्यांवर पण लोक फार फसतात. बॅगेवर मोठ्या अक्षरात उणे वीस छापलेलं बघून घेतात. युरोपियन स्टँडर्डप्रमाणे टेस्ट झालेल्या बॅगेवर तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम, आणि एक्स्ट्रीमचा अर्थ असा की तेवढ्या थंडीत सहा तास माणूस जेमतेम जिवंत राहील, झोप वगैरे विसरा. आपण बघायचा कम्फर्ट. ज्या बॅगेवर एकच आकडा आहे तिच्याबद्दल तर शंकाच घ्यायची. आणि बॅग कितीही भारी असली तरी खाली मॅट पातळ असेल तर उपयोग नाही, अंगाखालची पिसं दबून जातात आणि थंडी बर्फातून वर येते, म्हणून फोमची मॅट आणि तिच्यावर हवेची, अशा दोन घ्याव्यात, हवेची फुटली तरी फोमची राहते. मोहिमेवरून आल्यावर फेदरची बॅग पिशवीत दाबून ठेवू नये, मोकळी टांगावी, आणि आपल्या पावसाळ्यात अधूनमधून वारा-ऊन दाखवावं. मध्यंतरी एका ओळखीच्यांनी डिटर्जंटने मशीनमध्ये धुतली, सगळी पिसं गोळे होऊन बसली.

गॉगल कॅटेगरी चारचा (सगळ्यात गडद काचेचा), बाजू झाकणारा, यात काटकसर नको, बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत डोळ्यात येतात आणि ढगाळ दिवशीही येतात. स्टोव्हचा गॅस कॅनिस्टर विमानात नेता येत नाही, ना हातात ना चेक-इनला, त्यामुळे तिकडेच घ्यावा लागतो, तेव्हा आपल्या बर्नरला बसतो का ते दुकानातच लावून बघायचं आणि नुसता ब्यूटेन नको, तो शून्याच्या आसपास नीट पेटत नाही. आठ हजारीला जाणारे लोक अनुभवी असतात, त्यांना मी काय सांगणार, फक्त ऑक्सिजनचा हिशेब तेवढा प्रत्येकाने स्वतः करावा, चार लिटरची बाटली तीनशे बार दाबाला भरली की बाराशे लिटर, मिनिटाला दोन लिटरने दहा तास, चारने पाचच तास, आणि वर चढणाऱ्यांच्या ट्रॅफिक जॅममध्ये उभं राहिलात तरी मीटर चालूच असतो.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागते. आपण स्वतःसाठी ब्रँड शोधत बसतो आणि आपलं सामान वाहणारा पोर्टर कॅनव्हासच्या बुटात, बिनगॉगलचा, त्याच बर्फावरून चालत असतो. स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे डोळे दोन दिवस उघडत नव्हते, पाणी गळत होतं, आणि तो तसाच चहा करत होता, हे मी बघितलंय. ऑपरेटरला पैसे भरताना विचारा की पोर्टरला बूट, गॉगल, हातमोजे, रात्रीचं पांघरूण कोण देणार, आणि निघायच्या सकाळी स्वतः बघा. मीटिंगमध्ये हे कोणी विचारत नाही, सगळे फोटोग्राफरचं विचारतात.

आता मागणी. भाड्याने जाणारा प्रत्येक बूट, हार्नेस, रोप (चढाईचा दोर), हेल्मेट यांना एक टॅग असावा, बनवल्याचं वर्ष, घेतल्याची तारीख, किती वेळा गेला, आणि रोपवर कधी मोठा झटका बसला असेल तर तो. रोप आणि हार्नेस नायलॉनचे असतात, उन्हाने त्यांची ताकद कमी होते, बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात की न वापरलेले असले तरी दहा वर्षांनंतर बाद करा. मग दुकानात टांगलेल्या पांढरट पडलेल्या हार्नेसचं वय गिऱ्हाइकाला कळायला नको? अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाने यात पुढाकार घ्यावा, एक साधा छापील नमुना काढावा, आधी आपल्याच क्लबांनी त्यांच्या गिअर रूममध्ये तो लावावा, कारण क्लबांची कपाटंही काही फार वेगळी नाहीत. एकदा इथे सुरू झालं की आपली पोरं मनालीच्या दुकानातही टॅग मागतील, आणि गिऱ्हाईक मागायला लागलं की दुकानदार ठेवतो. जिल्ह्याजिल्ह्यातल्या क्लबांनी मिळून पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात सामायिक गिअर बँक केली तर त्याहून बरं, म्हणजे बूट महिनाभर आधी घरी मिळेल, पोरगं ते घालून सिंहगड, हरिश्चंद्रगड करेल, कुठे चावतो ते इथेच कळेल. सत्काराच्या शाली आणि ट्रॉफ्यांवर गावोगाव जो खर्च होतो त्यातला थोडा इकडे वळवला तरी सुरुवातीचे दहा-वीस जोड उभे राहतात.

आणि ज्यांनी उत्तरकाशीची निम किंवा दार्जिलिंगची एचएमआय या गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थांचा बेसिक कोर्स केलेला नाही त्यांनी सहा हजारीच्या आधी तो करावा, तिथे गिअर इश्यू होतं, रोज चढवून उतरवून घेतात, हाताला सवय लागते ती तिथेच.

संपादकसाहेब, आपल्यालाही एक विनंती. यंदा मोहिमांच्या बातम्या छापाल तेव्हा त्या टीमने बूट-रोप कुठून घेतले, किती जुने होते, काय बिघडलं आणि कसं निभावलं, एवढं विचारून दोन-चार ओळी टाका. पुढच्या वर्षी जाणारी पोरं त्या बातम्या कापून ठेवतात.

आपला,
एक वाचक आणि गिर्यारोहक, डोंबिवली