तेरा खुर्च्या, एक टेबल आणि कदंबाचे भाडे

गोमंतकीय बंधू-भगिनींनो,

येत्या १८ डिसेंबरला आमच्या महाविद्यालयातली मुले संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद भरवणार आहेत. १९६१ सालची, आणि मराठीतून. त्यासाठी आम्हाला तेरा बऱ्या खुर्च्या, एक लांब टेबल आणि थोडे पैसे हवे आहेत. मागणी ऐकून हसू येईल, पण जरा सविस्तर सांगतो.

डिचोली तालुक्यातले आमचे महाविद्यालय लहान आहे. इथे इतिहास मंडळ आहे, अर्थशास्त्र मंडळ आहे, वादविवाद मंडळ आहे आणि दोन वर्षांपूर्वी सुरू झालेले आंतरराष्ट्रीय घडामोडी मंडळ आहे. नावे चार, पोरे तीच वीस-पंचवीस. सोमवारी जी मुलगी खनिजाच्या भावावर बोलते, तीच गुरुवारी पॅलेस्टाईनवर बोलते.

खनिजाचा विषय या मुलांना शिकवावा लागत नाही. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा ती लहान होती, पण दारातला टिपर का हलत नाही हे त्यांनी घरात ऐकले आहे. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा तर ती शाळेत जाणारी जाणती मुले होती. आपले कमी प्रतीचे लोहखनिज चीन का घेत होता, तिथल्या पोलाद कारखान्यांची मागणी हलली की सांखळीच्या गॅरेजवाल्याचा धंदा का हलतो, हे अर्थशास्त्र मंडळाने गेल्या वर्षी भिंतीवर तक्ता लावून मांडले. बघायला आलेले एक टिपरमालक तासभर तिथून हलले नाहीत. शेवटी त्यांनीच मुलांची दोन-तीन गणिते दुरुस्त केली.

आता सुरक्षा परिषदेचे. भारतीय फौजा गोव्यात शिरल्या त्याच दिवशी, १८ डिसेंबर १९६१ ला, न्यूयॉर्कमध्ये पोर्तुगालच्या तक्रारीवर परिषद बसली. अमेरिकेचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन भारतावर कडाडून बरसले. भारताच्या वतीने सी. एस. झा उभे राहिले. युद्ध थांबवा आणि फौजा १७ डिसेंबरपूर्वीच्या जागी मागे घ्या, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने आणला. बाजूने सात मते पडली, विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त). परिषद तेव्हा अकरा सदस्यांची होती आणि मंजुरीला सात मते पुरत. म्हणजे ठराव मंजूर होण्यासारखाच होता, सोव्हिएत व्हेटोने, म्हणजे एका कायम सदस्याच्या नकाराधिकाराने, तो पडला. दुसऱ्या दिवशी गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. हा दिवस दरवर्षी झेंडावंदनाने साजरा करणाऱ्या आमच्या समितीतल्या निम्म्या लोकांना त्या सात-चारचा पत्ता नव्हता. मुलांनी सांगितले.

खुर्च्या तेरा का? सदस्य अकरा, आणि भारत व पोर्तुगाल दोघेही तेव्हा सदस्य नव्हते, त्यांना निमंत्रण देऊन टेबलापाशी बसवले होते. मुले या बाबतीत फार काटेकोर आहेत. पोर्तुगालच्या खुर्चीत बसायला मात्र आठ दिवस कुणी तयार होईना. अखेर एका मुलीने ती घेतली आणि आता तिची बाजू सगळ्यांत तयार आहे. तिच्या आजोबांना हे अजून पटलेले नाही.

पणजी-मडगावात अशा नकली परिषदा इंग्रजीतून भरतात. त्यांतही आमची मुले जायला हवीत, पण तिथे नोंदणीची फी असते, ब्लेझर लागतो आणि कामकाज संध्याकाळी उशिरापर्यंत चालते. गावाकडची शेवटची कदंब बस चुकली की पंचाईत. गेल्या वर्षी दोघी मुली पारितोषिक वितरणाआधीच निघून आल्या. त्यांचे नाव पुकारले गेले, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले. ब्रिक्सचे नेते २०१६ साली बाणावलीला येऊन गेले, शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री २०२३ च्या मे महिन्यात तिथेच जमले. गोव्यात जग येते, डिचोलीहून तिथवर जायलाच गाडी नसते.

तेव्हा आमचे मागणे असे. ज्यांना शक्य आहे त्यांनी एका मुलाच्या एका स्पर्धेची फी आणि परतीच्या गाडीचा खर्च उचलावा. कपाटात पडून असलेला ब्लेझर, कोणत्याही मापाचा, धुऊन पाठवावा. भिंतीवर लावायचा जगाचा मोठा नकाशा हवा आहे. सध्याच्या नकाशावर दक्षिण सुदान नाही, म्हणजे तो २०११ च्या आधीचा. मंडपवाल्यांनी दोन दिवसांसाठी खुर्च्या आणि टेबल दिले तर विकत घ्यायची गरज नाही.

पैशांपेक्षा अवघड मागणे वेळेचे आहे. तुमच्या वाड्यावर कुणी तारवटी असतील, जहाजावर तीस वर्षे काढलेले, तर त्यांना एक शनिवार आमच्याकडे पाठवा. १९९० साली कुवेतमध्ये इराकी फौजा शिरल्यावर तिथून परतलेले कुणी असतील तर फारच बरे. त्यांना भाषण करायची गरज नाही, मुले प्रश्न विचारतील. आणि माळ्यावर १९६१-६२ ची वर्तमानपत्रे, पत्रे, रेडिओच्या बातम्या टिपून ठेवलेल्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. आम्ही फोटो काढून त्या परत करू, वाळवीसकट म्हणालात तर तशाच.

शाल, श्रीफळ, करंडक आणि प्रायोजकाच्या नावाचा फलक कृपया देऊ नका. फलकाच्या खर्चात दोन मुले पणजीला जाऊन येतात.

देणगी महाविद्यालयाच्या कार्यालयात सकाळी १० ते दुपारी १ या वेळात द्यावी आणि पावती मागून घ्यावी. जमाखर्च दर महिन्याला सूचनाफलकावर लागेल. वस्तू शिपायांकडे दिल्या तरी चालतील, फक्त वर आपले नाव चिकटवा. खुर्च्यांचे मात्र दिवाळीपर्यंत कळवा, कारण डिसेंबरात लग्ने आणि जत्रा सुरू झाल्या की मंडपवाल्यांकडे एकही शिल्लक राहत नाही.

आपले,
माजी विद्यार्थी व पालकांची समिती