एक आणि दोन शेजारी कुणी ठेवले?

महोदय,

कचेरीत चुकीचं बटण दाबून डेटा घालवणाऱ्या कारकुनांच्या पगारातून नुकसान वसूल करावं, अशी सूचना करणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात आलं होतं. मी सव्वीस वर्षं एका पतसंस्थेत लिपिक होते. असं एक चुकीचं बटण माझ्या डोळ्यांदेखत दाबलं गेलं आहे, म्हणून लिहिते.

२०१३ चा मार्च, तोही शेवटचा आठवडा. संध्याकाळी कॅश जुळली की दिवस बंद करायचा आणि दिवसभराचा डेटा पेनड्राइव्हवर घ्यायचा, असा आमचा शिरस्ता. त्यासाठी सॉफ्टवेअरवाल्या मुलाने डेस्कटॉपवर एक बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा ओळीने लिहिलेली साधी फाइल, ठेवून दिली होती. डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडायची आणि तीन ओळी दिसायच्या: १ बॅकअप, २ रिस्टोअर, ३ बाहेर. आमच्या कॅशियर बाई पिग्मीचे पैसे मोजत होत्या. मोजता मोजता डाव्या हाताने त्या १ दाबायला गेल्या आणि २ दाबलं गेलं. एंटर मारायचा प्रश्नच नव्हता. त्या फाइलीत ‘चॉइस’ नावाची आज्ञा होती आणि ती आकडा दाबल्याक्षणी कामाला लागते, ‘नक्की का?’ वगैरे विचारत नाही. पेनड्राइव्हवरचा कालचा डेटा आजच्या डेटावर जाऊन बसला. दोनशेच्या वर नोंदी गेल्या. रात्री अकरापर्यंत व्हाउचरं पुन्हा भरली. बाई डोळे पुसत आकडे वाचत होत्या आणि मी टाइप करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला. त्यात शब्द होता ‘निष्काळजीपणा’, आपल्या पत्रलेखकांचाच.

मेमो त्या यादीला कुणी दिला नाही. रोज वापरायचं काम आणि वर्षातून एखाद्या वेळी लागणारं, सगळं पुसून टाकणारं काम एकमेकांना चिकटून ठेवायचं, तेही परतीची वाट न ठेवता, हे कुणाचं डोकं?

मी कॉम्प्युटर शिकले ते सांगलीच्या क्लासात, विंडोजच्या आधीच्या डॉसवर. आकडेमोडीला लोटस, मजकुराला वर्डस्टार, नोंदींना डीबेस हा तेव्हाचा त्रिवेणी संगम. त्यातलं लोटस १९८३ सालचं, पण त्याची एक खोड मला फार आवडायची. स्लॅश दाबलं की वर यादी यायची. बाणाच्या बटणाने एकेका शब्दावर सरकत गेलं की खालच्या ओळीत तो शब्द काय करणार ते लिहून यायचं. एंटर मारेपर्यंत काहीही बिघडत नसे. पाहायचं, वाचायचं आणि मग ठरवायचं. त्या रात्री घरी जाताना डोक्यात हेच होतं की आपल्या बॅच फाइलीत असं का नको?

करायला बसले तर पहिलीच अडचण. ‘चॉइस’ला अक्षरं आणि आकडे कळतात, बाण हे अक्षर नव्हे, त्यामुळे तो त्याच्या गावीच नसतो. मग भाच्याने वाट दाखवली. विंडोजमध्येच आज्ञा चालवणारं पॉवरशेल नावाचं, बॅच फाइलीचं जास्त शिकलेलं भावंड असतं. बॅच फाइलीने त्याला विचारायचं की कोणतं बटण दाबलं, आणि त्याने त्या बटणाचा नंबर परत द्यायचा. वरचा बाण ३८, खालचा ४०, एंटर १३. खालचा आला की मोजणीत एक वाढवायचा, वरचा आला की एक कमी करायचा, यादी पुन्हा काढायची आणि चालू ओळीपुढे खूण करायची. एवढंच.

एवढंच म्हणते खरी, पण दोन रविवार गेले. पहिल्या प्रयोगात खालचा बाण दाबला आणि खूण सरकायच्या ऐवजी थेट बॅकअपच सुरू झाला! तासभर कळेना. शेवटी सापडलं की ‘इफ एररलेव्हल १३’ (परत आलेला नंबर १३ असेल तर) असं लिहिलं तर बॅच फाइल त्याचा अर्थ ‘तेरा किंवा त्याहून जास्त’ असा घेते. मी एंटरची तपासणी आधी लिहिली होती, त्यामुळे ३८ आणि ४० हे दोन्हीही तिच्या लेखी एंटरच. मोठ्या आकड्यापासून लहानाकडे तपासत गेले, तर ‘ए’ दाबलं तरी खूण खाली जाऊ लागली, कारण ‘ए’चा नंबर ६५, म्हणजे चाळीसच्या वरच. बरोब्बर तोच आकडा आहे का, असं विचारल्यावर कुठे गाडी रुळावर आली.

मग वेग. दर बटणाला पॉवरशेल नव्याने उठायचं, आणि आमचं मशीन जुनं, त्यामुळे सेकंदभर काही हलायचं नाही. कॅशियर बाईंनी वैतागून खालचं बटण चारदा दाबलं, चारही दाबणी रांगेत उभी राहिली आणि खूण नंतर आपोआप धावत सुटली. शेवटी मी बाण वाचण्याचं सगळं काम एकदाच पॉवरशेलकडे सोपवलं. ते फक्त निवडलेल्या ओळीचा नंबर घेऊन परत येई. सुरुवातीला आधीची साचलेली बटणं फेकून द्यायची, हेही त्यातच घातलं. सगळंच पॉवरशेलमध्ये का नाही केलं, असं कुणी विचारेल. त्याच्या फाइलीवर डबल क्लिक केलं तर ती नोटपॅडमध्ये उघडते, आणि आमच्या शाखेत डबल क्लिकच्या पुढे कुणी जात नसे.

ओळी मी रोमन लिपीतच ठेवल्या, कारण त्या काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन होत. पण शब्द मराठी: ‘आजचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या’. लोटससारखी खालची ओळही दिली. रिस्टोअरवर खूण गेली की तिथे ‘आजच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील’ असं येई.

सर्वांत जास्त विचार केला तो एका बारक्या गोष्टीचा. अशा याद्यांमध्ये पहिल्या ओळीवरून वरचा बाण दाबला की खूण गिरकी घेऊन शेवटच्या ओळीवर जाते. दिसायला छान. पण माझ्या यादीत शेवटची ओळ रिस्टोअरची होती, म्हणजे एक चुकार बोट आणि पुन्हा तोच मार्च. मी ती गिरकी काढून टाकली. वर टोकाला गेलं की खूण तिथेच थांबे. शिवाय रिस्टोअरवर एंटर मारला, तरी ज्या दिवसाचा डेटा परत भरायचा ती तारीख पूर्ण टाइप केल्याशिवाय काम होत नसे. बॅकअपला बाण आणि एंटर. रिस्टोअरला मात्र हात दुखले तरी चालतील.

नंतर विंडोज १० आलं आणि खुणेच्या जागी चालू ओळीवर उलट्या रंगाचा पट्टा देता आला. त्यावर शाखाधिकारी खूश झाले. मेमो मात्र कॅशियर बाईंच्या फाइलीत तसाच राहिला. तो काढून टाकावा म्हणून मी दोनदा तोंडी सांगितलं, लेखी द्या म्हणाले, लेखीही दिलं.

२०१९ ला मी निवृत्त झाले. आता संस्थेत ब्राउझरमध्ये चालणारं नवं सॉफ्टवेअर आहे. मागच्या महिन्यात ठेवीची पावती बदलायला गेले होते, तेव्हा काउंटरपलीकडच्या मुलीचा पडदा दिसला. ‘सेव्ह’ आणि ‘डिलीट’, दोन्ही बटणं एकाच मापाची, एकाच निळ्या रंगाची, खेटून. मी तिला विचारलं, कधी चुकतं का गं? म्हणाली, “दोनदा झालंय काकू. हेल्पलाइनला फोन केला तर म्हणाले, मॅडम, जरा बघून क्लिक करत चला.”

आपली,
एक निवृत्त लिपिक, विटा (जि. सांगली)