अकराव्या खांबापुढे अंधार आहे

माननीय आयुक्त, पुणे महानगरपालिका यांस,

स. न. वि. वि.

मी कोथरूडला राहते. वय 44, नोकरी हिशेबाची. वीस वर्षांनी पुन्हा पळायला लागले आहे. 'आयुक्तांना काय करायचंय तुझ्या पळण्याशी?' असं नवऱ्याने विचारलं. त्यालाही उत्तर मिळावं म्हणून हे पत्र उघडच लिहिते.

कॉलेजात असताना फर्ग्युसनच्या मागून हनुमान टेकडीवर रोज पहाटे पळायचे. पुढे नोकरी, लग्न, मुलगी, सासूबाईंचं आजारपण. बूट माळ्यावर गेले आणि तिथेच त्यांचे तळ सुटले. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिचे दिवसवार मी नीट पार पाडले, सगळे म्हणाले, किती धीराची! बिघडलं ते सात-आठ महिन्यांनी. पहाटे साडेतीनला जाग यायची, ती रोज. फोडणीचं तेल धुरावेपर्यंत मी कढईकडे नुसती बघत उभी असायचे. डॉक्टरांनी त्याला नैराश्य म्हटलं. गोळ्या सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, 'पूर्वी काय आवडायचं?' म्हटलं, पळायला. 'मग पळा की.'

पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत पोचले आणि एका कुंपणाला धरून उभी राहिले. चौथ्या की पाचव्या दिवशी युक्ती सापडली. रस्त्यावरच्या दिव्याचे खांब. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. मनात काहीही आलं तरी मोजणी सोडायची नाही. पंधरवड्याने दोन पळायचं, दोन चालायचं. पळून झाल्यावर म्हणे माणूस खुशीत येतो. माझं तसं काही झालं नाही. झालं ते एवढंच, की वीस-पंचवीस मिनिटं मनापुढे पुढचा खांब सोडून दुसरा विषय नसायचा. दीड महिन्याने एका रात्री मी सलग पाचपर्यंत झोपले. उठल्यावर घड्याळ बंद पडलंय असंच वाटलं.

आता आपला संबंध. आमच्या रस्त्यावर पहिल्या अकरा खांबांचे दिवे लागतात. बारावा, तेरावा आणि चौदावा लागत नाहीत. पंधराव्यापासून पुन्हा उजेड. या तीन खांबांच्या पट्ट्यात एका चेंबरचं झाकण तिरकं बसलेलं होतं. ते ड्रेनेजचं की केबलचं, ते कुणी तसं ठेवलं, यात मी शिरत नाही. पाय मुरगळला, सुजला, बरा झाला. पण तीन आठवडे घरात बसले आणि साडेतीनची जाग परत आली. पाय मुरगळल्याची नोंद कुठेतरी होत असेल, मोडलेल्या झोपेची कुठे होणार?

ॲमस्टरडॅममधल्या विद्यापीठातल्या संशोधकांचा 2023 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. नैराश्य आणि चिंतेचा त्रास असलेली 141 माणसं, सोळा आठवडे. काहींनी औषध घेतलं, काही आठवड्यातून दोन-तीनदा गटाने पळाले. बहुतेकांनी आपला मार्ग स्वतःच निवडला होता, त्यामुळे निकाल जरा जपूनच वाचावा. दोन्हीकडे साधारण 44 टक्के लोकांना सारखाच उतार पडला. वजन-रक्तदाबाच्या बाबतीत पळणारे सरस ठरले. हे वाचून 'गोळ्या सोडा, पळायला लागा' असं म्हणणारे माझ्या नात्यातही आहेत. त्यांनी पुढचा आकडा वाचलेला नसतो. औषध ठरल्याप्रमाणे घेणारे 82 टक्के होते. ठरल्याप्रमाणे पळणारे 52.

आयुक्तसाहेब, मला हा 52 महत्त्वाचा वाटतो. पळण्याचा गुण येतो, पण पळत राहणं जमत नाही. गोळी उशाशी ठेवता येते. पळायला मात्र उंबरठा ओलांडावा लागतो, आणि उंबरठ्यापलीकडचं सगळं आपल्या अखत्यारीत येतं. नैराश्यातल्या माणसाला न जाण्यासाठी मोठं कारण लागत नाही. एक बंद दिवा पुरतो. फूटपाथवर आडवी लावलेली दुचाकी पुरते. चार कुत्री एकदम उठली की ती तर पुरतातच. धडधाकट माणूस त्याला वळसा घालून जातो, आम्ही परत फिरतो.

फूटपाथचं बोलायचं तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. मी एका रविवारी मुलीला घेऊन टेप लावला. (तिला अतिशय लाज वाटली.) कागदावर जागा आहे, पण त्यात विजेची डीपी, झाडाचं आळं आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक धरले की उरते एका माणसापुरती, तीही तिरकं चाललं तर. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीबद्दल मात्र माझी तक्रार नाही, आणि माझ्या पत्रावरून तिला कुणी उठवू नये. पहाटे साडेपाचला त्या रस्त्यावर तो टपरीवाला एकटा जागा असतो. त्याचा स्टोव्ह पेटलेला दिसला की मला पुढे जायचा धीर येतो. बाईने अंधारात पळायचं म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या कुणालाही विचारा.

पळण्याचं वावडं असलेलं हे शहर नाही. इथली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 साली सुरू झाली. 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन साजरा झालेला मी पाहिला आहे. मुलीला घेऊन गेले होते, मजा आली. पण मॅरेथॉनला येतो तो आधीच पळणारा असतो. मी म्हणते आहे तो माणूस त्या दिवशी पांघरुणात असतो.

टेकड्यांविषयी एकच सांगते. बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. पण वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या रस्त्याने वाहतुकीचा वेळ किती वाचेल याचा हिशेब मांडला जातो, तेव्हा खात्याची दुसरी बाजू कोरी राहते. पहाटे त्या टेकडीवर कोण कशासाठी चढतं, हे कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी हिशेबातली बाई आहे, मला एकतर्फी ताळेबंद खुपतो.

मागणं फार नाही. पहिलं, दिव्यांची दुरुस्ती करताना टेकड्यांकडे आणि मैदानांकडे जाणारे रस्ते आधी घ्यावेत, आणि पहाटे साडेचार ते साडेसहा या वेळात कुणीतरी ते चालत जाऊन बघावेत. दिवसा पाहणी केली तर सगळेच दिवे बंद दिसतात. दुसरं, महापालिकेच्या शाळांची मैदानं पहाटे पाच ते सात उघडी ठेवता आली तर बघावं. रखवालदार तिथे असतोच, प्रश्न कुलपाचा आहे. सपाट जमीन, चार दिवे आणि भोवती भिंत, एवढ्यावर कितीतरी बायका घराबाहेर पडतील. माझ्याच इमारतीतल्या तिघी तयार आहेत. त्यांपैकी एकीला झोपेच्या गोळ्या चालू आहेत, हे तिने मला जिन्यात सांगितलं, लिफ्टमध्ये नाही.

बंद खांबांचे क्रमांक वेगळ्या कागदावर जोडले आहेत. बाराव्याचा रंग उडालाय, तो अंदाजाने लिहिला आहे.

कळावे,
कोथरूडची एक रहिवासी

ता. क. पत्र लिहून झाल्यावर आज सकाळी जाऊन आले. तेरावा लागला होता. बारावा आणि चौदावा अजून तसेच आहेत.