हरकतीही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. एका स्वतंत्र संस्थेने आमच्या खाडीवर केलेल्या अहवालाची बातमी आपल्या कालच्या अंकात वाचली. ‘बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून मान्य केलेला अहवाल’ असं तिच्यात म्हटलं आहे. त्या तज्ज्ञांपैकी मी एक आहे. अहवाल मी तपासला, मान्य मात्र केलेला नाही. शेवटच्या पानावर माझं नाव आहे, पण मी काय लिहून कळवलं होतं ते अख्ख्या अहवालात कुठेही नाही.

मसुदा माझ्याकडे आला तो ऐन गणपतीत, लवकर परत करा अशा तगाद्यासह. तरी नीट वाचला, कारण खाडीचा विषय होता आणि माझी सगळी नोकरी मत्स्यशास्त्र शिकवण्यात गेली. पाहणीच्या तारखा परिशिष्टात होत्या. पंचांग काढून पाहिलं तर सगळ्या सप्तमी-अष्टमीच्या आसपासच्या. म्हणजे भांगाचे दिवस. या दिवसांत ओहोटीला पाणी फारसं उतरत नाही, मुळे आणि तिसऱ्या या खायच्या शिंपल्यांच्या जागा उघड्या पडत नाहीत, मग बायका खाडीत कशाला उतरतील? पाहणीवाल्यांना त्या दिसल्या नाहीत, म्हणून ‘खाडीतल्या शिंपल्यांवर अवलंबून असलेली कुटुंबं नगण्य’ असा निष्कर्ष निघाला. अमावास्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या ओहोटीला या, डोक्यावर टोपल्या घेऊन चाललेली रांग दिसेल, असं मी कळवलं. दुसरी हरकत हिशेबाची होती. त्यांनी बंदरावरच्या लिलावातली मासळी मोजली. तिसऱ्या, मुळे, कालवं लिलावात जातच नाहीत. ती दारोदार आणि बाजाराच्या कडेला वाट्यावर विकली जातात, त्यांची पावती कोण फाडतो? ‘आपल्या सूचनांबद्दल आभारी आहोत’ एवढं उत्तर आलं. निष्कर्ष छापला तो जसाच्या तसा.

बातमी आली त्याच दिवशी आमच्याकडे तिसऱ्या घेऊन येणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘सर, कागदावर तुमचा नाव हाय, मग आमचा धंदा का न्हाय?’ या प्रश्नाचं उत्तर संस्थेने द्यायचं आहे. ते तिने दिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

बाहेरच्या माणसाकडून अहवाल तपासून घेण्याची पद्धत चांगलीच आहे. ती बंद व्हावी असं मी म्हणणार नाही. पण तपासणाऱ्याचं नाव छापायचं आणि त्याचं म्हणणं गाळायचं, हे वाचकाची फसवणूक करणं आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अकादमींच्या अहवालांत परीक्षकांची नावं असतात आणि लागूनच स्पष्ट लिहिलेलं असतं की, निष्कर्षांना दुजोरा द्या असं त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि अंतिम मसुदाही त्यांनी पाहिलेला नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, त्याही पुढे जाऊन परीक्षकांचा प्रत्येक शेरा आणि त्यावरचं लेखकांचं उत्तर जाहीर करण्याची पद्धत ठेवली आहे. 2021च्या त्यांच्या एका अहवालावर अठ्ठ्याहत्तर हजारांवर शेरे आले होते. चुका त्यांच्याही होतात. हिमालयातल्या हिमनद्या 2035पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता खूप मोठी आहे, असं 2007च्या अहवालात छापलं गेलं आणि 2010मध्ये खेद व्यक्त करावा लागला. पण परीक्षणाच्या वेळीच त्या विधानाला आधार मागितला गेला होता, ही नोंद शिल्लक होती. त्यामुळे नेमकं कुठे दुर्लक्ष झालं ते दाखवता आलं. माझ्या हरकतींची अशी नोंद कुठे आहे?

लांबचं राहू द्या. आपल्याकडच्या प्रकल्पांच्या जनसुनावणीत हरकत इतिवृत्तात घ्यावी लागते, ते इतिवृत्त जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, आणि अंतिम अहवालात हरकतीचं उत्तर द्यावं लागतं. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची 2006ची अधिसूचनाच तशी आहे. तिथे अहवाल करणाऱ्याचे पैसे प्रकल्पवालाच देतो, म्हणून तर कोकणातली माणसं स्वतंत्र संस्थांकडे आशेने पाहतात. सुनावणीत उभ्या राहिलेल्या दालद्याला, म्हणजे इथल्या मच्छीमाराला, जो हक्क आहे, तो स्वतंत्र संस्थेने मुद्दाम बोलावलेल्या तज्ज्ञाला नसावा, हे मला पटत नाही. माझे शेरे आणि संस्थेचं त्यावरचं उत्तर अहवालाला जोडावं. जोडायचं नसेल, तर माझं नाव काढावं. संस्थेलाही मी हेच लेखी कळवलं आहे.

जाता जाता आणखी एक. बातमीसोबतचा फोटो केरळातल्या चिनी जाळ्यांचा आहे. अशी जाळी आमच्या खाडीत एकही नाही. रत्नागिरीत आपले वार्ताहर आहेत, खाडीही इथेच आहे. पुढच्या अमावास्येला ओहोटीच्या वेळी छायाचित्रकार पाठवा, मी स्वतः बरोबर येतो.

आपला,
एक निवृत्त मत्स्यशास्त्र शिक्षक
ता. जि. रत्नागिरी