होस्टेल सोडण्याआधी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

होस्टेल सोडून तुम्ही तिघी मैत्रिणी भाड्याने घेणार आहात, त्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या फ्लॅटचे फोटो पाहिले. आईला बाल्कनी आवडली, मला बाथरूमच्या छतावरची ओल दिसली. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपत असणार. उद्या फ्लॅट सोडताना मालकाने तीच ओल दाखवून डिपॉझिट कापायला नको. राहायला जाल त्याच दिवशी, सामान लावायच्या आत, सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. विजेच्या मीटरचं रीडिंगही त्यात येऊ दे, म्हणजे आधीच्या मुलांचं बिल तुमच्या गळ्यात पडणार नाही.

आता मुद्द्याचं. ‘घरमालक काका भले आहेत, नुसतं नोटरी करून घेऊ’ असं ब्रोकर म्हणतोय, हे मला अजिबात मान्य नाही. काका भले असतील, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावीच लागते, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे ‘रजिस्टर करून द्या’ म्हणताना संकोच कसला? खर्चही डोंगराएवढा नाही. १८,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिट धरलं तर मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास येतं, नोंदणी फी १,००० रुपये. एजंट मशीन घेऊन घरी येतो, अंगठे घेतो, त्याचे तो वेगळे घेईल. ब्रोकर मात्र एक महिन्याचं भाडं मागतोय आणि वर कागद टाळतोय!

करारात तिघींची नावं हवीत. ‘एकीच्या नावावर करू, सोपं पडेल’ यात सोपं फक्त मालकाला पडतं. तुझ्या एकटीची सही असली आणि सहा महिन्यांनी एखादीला बंगळूरला इंटर्नशिप मिळाली, तर ती बॅग उचलेल आणि पूर्ण भाड्यासाठी फोन तुला येईल. मैत्री आहे म्हणूनच हे आत्ता बोला: मध्येच जाणारीने बदली मुलगी आणायची की नोटीसचा महिना भरायचा? मालकाकडूनही लॉक-इन, म्हणजे ज्याच्या आत घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आणि रंगकामाचे पैसे कापणार का, हे लिहूनच घ्या. पोलीस व्हेरिफिकेशनसाठी ते आधार कार्ड मागतील, ते द्या.

पाण्याचं ब्रोकरला विचारू नकोस, वॉचमनला विचार. टँकर किती वेळा येतो हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. जमलं तर सकाळी सातला जाऊन नळ सोडून बघ.

पाइप गॅस नसेल तर पाच किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, तिघींना चहा-खिचडीपुरता चालेल. शेगडी आई देतेय. शनिवारी सकाळच्या एसटीने निघतो, दुपारपर्यंत पोहोचेन. तोवर टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नकोस, आणि कराराचा मसुदा ब्रोकरकडून आधीच मागवून मला पाठव, गाडीत वाचून काढतो.

तुझे,
बाबा